जंगलाच्या कामाला ग्रँट मागताय? आधी पावसाळ्याचं कॅलेंडर समोर ठेवा

पाऊस ओसरायला लागला की ओळखीची-बिनओळखीची बरीच मंडळी एकच विचारतात, आमच्या गावात देवराई आहे, तिच्यासाठी काहीतरी करायचंय, ग्रँट कुठे मिळेल? प्रश्न बरोबर आहे पण तो तिसरा-चौथा प्रश्न आहे. त्याच्या आधी ठरायला हवं की नेमकं काय करायचंय, ती जमीन कोणाची आहे, परवानगी कोण देणार आणि ते काम वर्षाच्या कुठल्या महिन्यात होतं. एवढं पक्कं झालं की ग्रँट कुठे मिळेल याचं उत्तर अर्धं आपोआप सापडतं, आणि ते न ठरवता जो फॉर्म भरायला बसतो त्याचं प्रपोजल वाचणाऱ्याला पहिल्या पानावरच कळतं की याला अजून स्वतःलाच नक्की माहीत नाही.

ग्रँट म्हणजे ठरलेल्या कामासाठी ठरलेल्या मुदतीत वापरायचे पैसे. परत करायचे नसतात, पण प्रत्येक रुपयाचा हिशोब आणि कामाचा रिपोर्ट द्यायचा असतो आणि मधेच काम बदलायचं झालं तर आधी विचारावं लागतं. देणगीत एवढं बंधन नसतं, म्हणून दोन्हीची गल्लत करू नका.

आता संशोधन आणि संवर्धनाचा प्रकल्प या दोन गोष्टी वेगळ्या धरा. संशोधनाच्या शेवटी एका प्रश्नाचं उत्तर मिळतं, प्रकल्पाच्या शेवटी जंगलात काहीतरी बदललेलं दिसायला हवं. पैसे देणारेही बहुतेक वेळा या दोघांचे दरवाजे वेगळे ठेवतात. तुमचं काम दोन्हीच्या मधलं असू शकतं, आणि चांगलं काम तसंच असतं, पण फॉर्म भरताना पुढे कुठला पाय टाकायचा ते ठरवावंच लागतं.

एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरकडचे आहात आणि प्रपोजलचं नाव दिलंत, 'सह्याद्रीतील जैवविविधतेचे संवर्धन व जनजागृती'. हे वाचून कोणालाच काही कळत नाही. कुठला सह्याद्री, कुठली जैवविविधता, जनजागृती म्हणजे पोस्टर का शाळेतलं भाषण? तेच जर लिहिलंत की आमच्या आजूबाजूच्या पाच गावांतल्या देवरायांमध्ये आणि खाजगी रानात धनेश पक्षी ज्या जुन्या बेहड्यांच्या ढोलीत घरटं करतात ती झाडं शोधून त्यांची नोंद करायची, यंदाच्या विणीच्या हंगामात कुठल्या ढोली वापरात आहेत ते बघायचं, आणि त्यातली जी झाडं खाजगी मालकीची आहेत त्या मालकांशी ती न तोडण्याबद्दल करार करायचे, तर चित्र डोळ्यासमोर उभं राहतं. जागा कळली, झाड कळलं, पक्षी कळला, मोजायचं काय ते कळलं. वर्षाच्या शेवटी तुम्ही यशस्वी झालात की नाही हे कोणीही तिऱ्हाईत तपासू शकतो, आणि प्रपोजल वाचणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

यातही एक पायरी पुढे जा आणि विचारा की ही झाडं तुटतात का. कोकणात खाजगी रान भरपूर आहे, मालक बऱ्याचदा मुंबईला असतो, ठेकेदार येतो, एकरकमी पैसे देतो आणि रान साफ करून जातो. म्हणजे धनेशाचा प्रश्न हा पक्ष्याचा कमी आणि मालकाच्या उत्पन्नाचा जास्त आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने याच भागात बेहड्याची फळं फेअरवाइल्ड प्रमाणपत्राखाली (रानातला माल झाडाला इजा न करता गोळा केल्याचं प्रमाणपत्र) गोळा करून विकायची व्यवस्था उभी केली, त्यामुळे उभ्या झाडाचे पैसे मिळायला लागले. असं काम आधी झालेलं असेल तर ते प्रपोजलमध्ये प्रामाणिकपणे लिहा आणि तुमचं त्याच्या पुढे काय ते सांगा. या भागात आजवर काहीच काम झालेलं नाही, हे वाक्य मला दर दुसऱ्या प्रपोजलमध्ये दिसतं आणि ते जवळजवळ नेहमीच खोटं असतं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकातच पश्चिम घाटातल्या देवरायांवर लिहून ठेवलंय, आपण त्यांच्या नंतर पन्नास वर्षांनी येतोय हे विसरू नये.

आता पैसे कोणाकडे. इथे तुम्ही कोण आहात यावर सगळं आहे.

कॉलेजात किंवा विद्यापीठात नियमित पदावर असाल आणि पीएचडी झाली असेल तर अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे बघा, २०२३ च्या कायद्याने आलेली ही संस्था, आधीचं एसईआरबी म्हणजे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ तिच्यातच गेलं. राज्यात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे, मुंबईत. वनशास्त्राचं म्हणजे बियाणं, रोपवाटिका, लाकूड, कीड असलं काम असेल तर डेहराडूनच्या आयसीएफआरईची (भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषद) आपल्या भागातली संस्था जबलपूरला आहे, तिथल्या शास्त्रज्ञाला सोबत घेतलंत तर प्रपोजलला वजन येतं.

विद्यार्थी असाल किंवा नुकतीच सुरुवात असेल तर ब्रिटनच्या रफर्ड फाउंडेशनची छोटी ग्रँट बहुतेकांची पहिली असते. साधारण सहा-सात हजार पौंडांपर्यंत, म्हणजे आपल्या सात-आठ लाखांच्या आसपास, आणि सगळा भर फील्डवर्कवर. एका विशिष्ट प्रजातीवर काम असेल तर अबू धाबीचा मोहम्मद बिन झायद फंड आहे, जास्तीत जास्त २५ हजार डॉलर, पण अर्ज प्रजातीच्याच नावाने करायचा, अख्ख्या जंगलाच्या नावाने नाही. आयडिया वाइल्ड ही अमेरिकन संस्था रोख पैशांऐवजी दुर्बीण, जीपीएस, कॅमेरा अशी उपकरणं देते. भारतातले पैसे हवे असतील तर द हॅबिटॅट्स ट्रस्ट आहे, अचानक उद्भवलेल्या गोष्टीसाठी वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाची तातडीची छोटी मदत आहे. आणि डिग्री नाही, इंग्रजी नाही पण वर्षानुवर्षं जंगल राखतोय अशा माणसासाठी सँक्चुअरी नेचर फाउंडेशनचा मड ऑन बूट्स हा उपक्रम आहे, तो मला फार मोलाचा वाटतो कारण अशा माणसांसाठी दुसरीकडे फॉर्मच नसतो.

ग्रामसभा असाल तर गोष्ट आणखी वेगळी. वनहक्क कायदा २००६ खाली सामूहिक वनहक्क मिळालेला असेल, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला तो २००९ मध्ये मिळाला, तर जंगलाचं व्यवस्थापन करायचा अधिकार तुमचाच आहे. तेव्हा संस्थेने ग्रामसभेच्या नावावर पैसे आणण्याऐवजी ग्रामसभेने ठराव करून संस्थेला कामाला लावावं, हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

कॅम्पाबद्दल, म्हणजे भरपाई वनीकरणाच्या सरकारी निधीबद्दल, खूप गैरसमज आहे. जंगलाची जमीन रस्ता-धरण-खाणीला गेली की त्या बदल्यात जे पैसे जमा होतात ते २०१६ च्या कायद्याप्रमाणे ९० टक्के राज्याकडे येतात, आकडे ऐकून डोळे फिरतात, पण तुम्ही संस्था म्हणून तिथे सरळ अर्ज करू शकत नाही. ते वनखात्याच्या वार्षिक आराखड्यातून खर्च होतात. तुमच्या हातात एवढंच आहे की डीएफओ (विभागीय वन अधिकारी) साहेबांना वेळेवर भेटून तुमच्या भागाचं काम आराखड्यात घ्यायला सांगायचं.

कंपन्यांचा सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ चा, हा मोठा आहे. पण कंपनीला झाडांचा आकडा आणि फोटो लवकर हवे असतात. तुमच्या संस्थेकडे १२ए आणि ८०जी (आयकर खात्याच्या), सीएसआर-१ (कंपनी खात्याची) नोंदणी आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. एक गोष्ट आवर्जून सांगतो, सीएसआरच्या नियमात चालू प्रकल्प म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत काम धरता येतं. म्हणजे एका वर्षात उरका असं कंपनीचा माणूस म्हणाला तर त्याला हा नियम नम्रपणे दाखवा, कारण झाड लावणं एका वर्षाचं काम असलं तरी ते जगवणं तसं नाही.

परदेशी पैशाचं मात्र नीट समजून घ्या, इथे भलेभले अडकतात. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय संस्थेला परदेशातून पैसे घेता येत नाहीत. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च झालेला हवा. पैसे फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात येतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर ऑफिस खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका संस्थेकडे आलेले परदेशी पैसे दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत. पूर्वी मोठी संस्था पैसे घ्यायची आणि गावातल्या छोट्या संस्थेला वाटून द्यायची, ते बंद झालं. आता मोठ्या संस्थेने प्रकल्प स्वतः राबवायचा आणि तुम्ही तिचे प्रोजेक्ट स्टाफ व्हायचं, असाच मार्ग उरतो. वैयक्तिक नावाने ग्रँट घेणाऱ्यांनीही हे शिष्यवृत्तीत बसतं का प्रकल्पात, ते एफसीआरए कळणाऱ्या सीएला दाखवून मगच अर्ज करावा, मंजुरीचं पत्र आल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो.

परवानगी. अभयारण्यात अभ्यास करायचा तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी, म्हणजे नागपूरला फाईल. राष्ट्रीय उद्यानातही तसंच. प्राणी पकडायचा, रिंग लावायची, रक्त घ्यायचं असेल तर कलम १२ येतं आणि अनुसूची एकमधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेला प्राणी असेल तर केंद्राची मंजुरीही लागते. हे काही आठवड्यांत होत नाही, महिने जातात. म्हणून परवानगीचा अर्ज आणि ग्रँटचा अर्ज एकाच वेळी सुरू करा आणि प्रपोजलमध्ये अर्ज कोणत्या तारखेला दिला ते लिहा, परवानगी मिळेल असं नुसतं लिहू नका. नमुने परदेशी लॅबला पाठवायचे किंवा परदेशी शास्त्रज्ञ सोबत असतील तर जैवविविधता कायदा २००२ आणि चेन्नईचं राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण हे आणखी एक दार आहे.

देवराईचं प्रकरण कागदावर साधं दिसतं, प्रत्यक्षात नसतं. सातबारा काढा. कुठे देवस्थानाचं नाव असतं, कुठे खाजगी, कुठे शासनाचं, कुठे वनखात्याचं, आणि गावाच्या मनात मात्र ती देवाची असते. कायद्याचा कागद मिळाला तरी गावकीची बैठक, मानकरी, गुरव यांना टाळून आत पाऊल टाकू नका. काही गावांत देवराईतलं काही करायचं तर देवाला कौल लावतात, आणि कौल मिळाला नाही तर काम थांबतं. हे प्रपोजलमध्ये स्पष्ट लिहायला लाजू नका, तुम्ही गाव ओळखता याचा तो पुरावा आहे. जोखीम कोणत्या, असं फॉर्ममध्ये विचारलेलं असतं तिथे लोक काहीच जोखीम नाही असं लिहून मोकळे होतात. लिहा ना, की कौल मिळाला नाही तर आम्ही शेजारच्या अमुक गावात काम करू.

आता कॅलेंडर, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त प्रकल्प इथे मरतात. सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च, परदेशी फंडाचं त्याच्या सोयीचं, कंपनीला मार्चच्या आत खर्च दाखवायचा, आणि जंगलाला या कोणाशीच देणंघेणं नाही. जंगलाचं वर्ष पावसावर चालतं. बेहड्याची फळं हिवाळ्यात पडतात. जांभळाचं बी मे-जूनमध्ये मिळतं आणि ते दोन-तीन आठवड्यांत लावलं नाही तर रुजायची ताकद घालवून बसतं, ते पोत्यात भरून ग्रँटच्या पुढच्या हप्त्याची वाट बघता येत नाही. धनेशाची मादी साधारण फेब्रुवारीत ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि उन्हाळा संपताना बाहेर येते, म्हणजे घरट्यांचा अभ्यास करायचा तर जानेवारीत तुमची माणसं तयार पाहिजेत. जूनमध्ये लावायचं रोप धड एक वर्षाचं असावं, म्हणजे पिशव्या त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात भरलेल्या हव्यात.

म्हणून उलटं मोजा. २०२८ च्या जूनमध्ये लागवड हवी असेल तर बी गोळा करायला २०२६-२७ चा हिवाळा आणि २०२७ चा मे, रोपवाटिकेचे पैसे त्या आधी हातात, मंजुरीला सहा-आठ महिने, म्हणजे अर्ज २०२६ च्या पावसाळ्याच्या आधी. लोक अर्ज करतात डिसेंबरात आणि लागवड दाखवतात पुढच्या जूनमध्ये. मग पैसे येतात ऑगस्टमध्ये, रोपं बाजारातून जी मिळतील ती उचलली जातात, गुलमोहर म्हणा ग्लिरिसिडिया म्हणा, सप्टेंबरात लागतात, पाऊस जातो, एप्रिलला निम्मी जळून जातात. हे मी जवळून बघितलंय आणि फार वाईट वाटतं, कारण त्यात गावचा विश्वासही जळतो, पुढच्या वेळी कोणी खड्डा खणायला येत नाही. राज्याने २०१९ च्या पावसाळ्यासाठी ३३ कोटी झाडांचं टार्गेट ठेवलं होतं, तेव्हाही लोकांचा खरा प्रश्न किती लावली हा नव्हता, जगली किती हा होता.

आणि सगळीकडे झाडं लावायची नसतात. कोकणातले जांभ्याचे सडे म्हणजे खडकाळ पठारं, कासचं पठार, माळरानं, ही ओसाड जमीन नाही, तिथे पावसाळ्यात येणारी कितीतरी फुलं जगात दुसरीकडे कुठेच येत नाहीत. तिथे खड्डे मारून झाडं लावायला कोणी पैसे देत असेल तर ते नाकारा. पैसे देणाऱ्यालाही हे नीट समजावून सांगितलं तर पटतं, बऱ्याच जणांना फक्त माहीत नसतं.

बजेट. याच्यावर वेळ घालवा, कारण अनुभवी माणूस प्रपोजल वाचताना आधी बजेटच उघडतो. धनेशाचंच धरू. गावातली दोन पोरं, फेब्रुवारी ते मे चार महिने, महिना १५ हजार, झाले १ लाख २० हजार. मोटरसायकल रोज ६० किलोमीटर, महिन्यात २० दिवस, चार महिन्यांत ४,८०० किलोमीटर, घाटरस्त्याला लिटरमागे ४० धरलं तर १२० लिटर, लिटर १०५ रुपयांनी १२,६०० रुपये. असं लिहिलंत तर कोणी एक रुपया कापत नाही. नुसतं 'प्रवास ५०,०००' लिहिलंत तर पहिली कात्री तिथेच. पोरांचा अपघात विमा धरा, बुटं धरा, बॅटरी आणि मेमरी कार्ड धरा, ऑडिटची फी धरा, रिपोर्ट मराठीत गावासाठी छापायचा खर्च धरा. लागवड असेल तर रोपाच्या किमतीपेक्षा नंतरचा खर्च जास्त असतो, दोन उन्हाळे पाणी, गुरांपासून कुंपण, आग पसरू नये म्हणून जानेवारीत जाळरेषा काढायची मजुरी, मेलेल्या रोपांच्या जागी नवीन. हे सगळं सोडून फक्त रोपांची किंमत लावणारं बजेट स्वस्त दिसतं आणि त्यातूनच रानात रिकाम्या काळ्या पिशव्या उरतात. स्वतःचं मानधनही लिहा. जंगलाचं काम फुकट करायचं असतं हा समज आपल्याकडे जाम घट्ट आहे आणि त्यामुळे चांगली पोरं दोन वर्षांत सोडून पुण्या-मुंबईला नोकरी धरतात.

फॉर्म लिहिताना भाषा साधी ठेवा. गोषवारा सगळ्यात शेवटी लिहा पण सगळ्यात जास्त वेळा वाचा, कारण बऱ्याच ठिकाणी पहिल्या फेरीत तेवढंच वाचलं जातं. शिफारस देणारी माणसं मोठ्या नावाची असण्यापेक्षा तुमचं काम बघितलेली असावीत, आणि त्यांना महिनाभर आधी प्रपोजल पाठवा. रफर्डच्या साइटवर आधीच्या प्रकल्पांचे रिपोर्ट सगळ्यांना वाचायला ठेवलेले असतात, आपल्या राज्यातले चार-पाच निवांत वाचा, तेवढ्या पैशात एका वर्षात खरोखर किती काम होतं याचा अंदाज येतो. नकार आला तर कारण विचारा. काही जण देतात, काही देत नाहीत, पण दिलं तर ते दुरुस्त करून पुढच्या फेरीत परत टाका, बऱ्याच चांगल्या प्रकल्पांना पहिल्या खेपेला नकारच आलेला असतो.

पैसे आल्यावर पहिल्या दिवसापासून बिलं ठेवा. रानातल्या मजुराकडे बिल नसतं, तर सही-अंगठ्याचं व्हाउचर, तारीख, काम, दर. सरकारी ग्रँट असेल तर वर्षाच्या शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे यूसी म्हणतात, ते द्यावं लागतं आणि पैसे खात्यात पडून राहिल्याचं जे व्याज मिळालं तेही सरकारला परत जातं, ते खर्चायचं नसतं. हे ठाऊक नसल्यामुळे नंतर भलताच त्रास होतो.

शेवटचा हप्ता बहुतेक ठिकाणी फायनल रिपोर्ट आणि यूसी पोचल्यावरच सुटतो, त्यामुळे शेवटच्या दोन-तीन महिन्यांचा खर्च आधी कोणीतरी स्वतःच्या खिशातून भागवावा लागतो. तो कोण भागवणार, संस्था की तुम्ही, हे करारावर सही करायच्या आधी विचारून कागदावर घ्या, कारण गावातल्या त्या दोन पोरांनी मे महिन्यात केलेल्या कामाचे पैसे त्यांना मे महिन्यातच लागतात, जूनमध्ये भात पेरायचं असतं.